‘सही घेऊन ये’

शनिवारी दुपारी अडीच ते चार मी हॉस्पिटलातल्या नव्या नर्स मुलींचा तास घेते. ओपीडीच्या वरच्या मजल्यावरची खोली, एका भिंतीला दुरुस्तीला काढलेल्या व्हीलचेअर्स, पंखा एकच. यंदा सात जणी आहेत. दोघी बीडच्या, एक उदगीरची, एक भोरची, बाकीच्या हडपसर-कात्रजच्या. सगळ्या जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्या, सगळ्यांची पहिलीच नोकरी. वेळापत्रकात तासाचं नाव ‘लीगल अँड एथिकल टर्म्स’ असं लिहिलंय.

पहिल्या दिवशी उदगीरच्या मुलीला विचारलं, इनफॉर्म्ड कन्सेंट म्हणजे काय? तिने उभं राहून पुस्तकातली इंग्रजी व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. म्हटलं, छान. आता हेच मराठीत सांग, आपल्या वॉर्डातल्या मावशींना सांगशील तसं. ती गप्प झाली. शेजारची भोरची मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, ऑपरेशनच्या आधी सही घेतात ते.”

तिचं काय चुकलं? वॉर्डात तिच्या कानावर हेच पडतं. राउंड संपताना सर म्हणतात, चार नंबरची सही घेऊन ठेवा. इनचार्ज विचारते, सही झाली का? रात्रीच्या हँडओव्हरला आपण सांगतो, फिटनेस आलाय, एनबीएम, म्हणजे उपाशी, ठेवलंय, सही राहिलीय. एवढं ऐकल्यावर त्या पोरीला कन्सेंट, संमती, म्हणजे कागदाचा खालचा उजवा कोपरा वाटला तर नवल नाही. माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं मलाही तसंच वाटायचं.

१९९९ सालचा जुलै. ससूनच्या नर्सिंग स्कूलमधून बाहेर पडून मला थोडेच दिवस झाले होते. पेठेतल्या एका छोट्या खासगी हॉस्पिटलात होते, पंधरा कॉट. वेल्ह्याकडची एक बाई आली होती, वय चाळिशीच्या आसपास, पाळीला फार अंगावरून जायचं, पिशवीला गाठ. आदल्या संध्याकाळी तिच्या नवऱ्याची सही मी घेतली होती. त्याला स्वारगेटवरून शेवटची एसटी पकडायची घाई होती, मला औषधं द्यायची घाई होती. जिन्यात भिंतीला फॉर्म टेकवून त्याने सही केली. फॉर्मवर काय लिहिलंय हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बाईला तर फॉर्म दाखवलाही नव्हता.

सकाळी ट्रॉलीवरून ऑपरेशन थिएटरकडे नेताना ती मला म्हणाली, “सिस्टर, गाठच काढणारेत ना? पिशवी राहील ना?”

फॉर्मवर अख्खी पिशवी काढायचं लिहिलेलं होतं, इंग्रजीत. मी ट्रॉली दारातच थांबवली आणि आत जाऊन सांगितलं. सर्जन हात धुऊन तयार होते. आधी चिडले, “नवऱ्याची सही आहे ना?” मी म्हटलं, आहे, पण तिला माहीत नाही. ते बाहेर आले. दहा मिनिटं तिच्याशी बोलले, गाठ केवढी आहे, कुठे आहे, नुसती गाठ काढली तर काय, पिशवी काढली तर काय, आत्ता काहीच केलं नाही तर काय. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, लावणीला कधी वाकता येईल? सर म्हणाले, या वर्षी नाही, तीन महिने ओझं उचलायचं नाही. ती ट्रॉलीवर उठून बसली. म्हणाली, मग मी लावणी उरकून येते. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, भात खाचरात उभा राहायचा होता, आणि गाठ तशी घातक नव्हती. सरांनी रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या, जास्त जायला लागलं तर लगेच यायला सांगितलं आणि घरी पाठवलं. दिवाळीनंतर ती आली आणि पिशवी काढून घेतली. त्या वेळी फॉर्मवर अंगठा तिचा होता.

तेव्हा मला कायदा माहीत नव्हता. पुढे २००८ साली सर्वोच्च न्यायालयाचा समिरा कोहली खटल्याचा निकाल आला. दिल्लीची ४४ वर्षांची बाई. नुसत्या तपासणीसाठी, दुर्बिणीने पोटात बघण्यासाठी तिने संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. न्यायालयाने सांगितलं की सज्ञान, भानावर असलेल्या माणसाच्या वतीने आई, नवरा, कुणीच संमती देऊ शकत नाही. जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि इथे तसं नव्हतं. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. आणि संमती घ्यायच्या आधी काय करणार, कशासाठी, दुसरा मार्ग कोणता, धोका काय, नाही केलं तर काय, एवढं पेशंटला कळायला हवं. हे सगळं वाचताना मला तो जिना आठवत होता. वेल्ह्याच्या बाईने ट्रॉलीवर तोंड उघडलं नसतं तर मीही तेच केलं असतं.

म्हणून मी मुलींना पहिल्याच तासाला सांगते, ‘सही घेऊन ये’ हे वाक्य आपल्या तोंडून काढून टाका. ‘सरांचं बोलून झालं का’ आणि ‘तिला काय समजलं ते तिने सांगितलं का’ असं विचारा. समजावून सांगणं हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचं काम आहे, आपलं नाही. आपण साक्षीदार म्हणून सही करतो ती ‘हे माझ्यासमोर झालं’ याची. झालंच नसेल तर करायची नाही. प्रीमेडचं, भुलीआधीचं, इंजेक्शन दिल्यावर राहिलेली सही घ्यायला धावायचं नाही, कारण गुंगीतल्या माणसाच्या सहीला अर्थ नाही. आणि पेशंटला विचारायचं कसं, तर ‘समजलं ना?’ असं नाही. त्याला सगळे मान डोलावतात. ‘मावशी, उद्या काय करणारेत, सांगा बरं मला’ असं विचारायचं.

संमतीची दुसरी बाजू नकार. पुस्तकात ऑटोनॉमी असा शब्द आहे, मराठी पुस्तकात ‘स्वायत्तता’. दोन्ही शब्द मुलींना जड जातात. मी म्हणते, त्याचं शरीर, त्याचा निर्णय. आपल्याकडे नकाराला ‘बाँड’ म्हणतात. “जायचंय? मग बाँड लिहून द्या.” हे आपण ज्या आवाजात म्हणतो तो मला कधीच आवडला नाही. जणू त्याने काही गुन्हा केलाय. सल्ल्याविरुद्ध घरी जाणं हा पेशंटचा हक्क आहे. तो जात असला तरी त्याला डिस्चार्ज कार्ड मिळालं पाहिजे, औषधं समजावली पाहिजेत, काय झालं तर परत यायचं हे सांगितलं पाहिजे. सही त्याने करायची ती ‘मला धोका समजला आहे’ याची. आपली जबाबदारी तिथे संपत नाही.

दोन वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतले एक आजोबा होते, ८१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. डायलिसिस नको म्हणाले. मुलगी अमेरिकेत, तिचा रोज रात्री फोन, “सिस्टर, त्यांचं ऐकू नका, सुरू करा.” तिचं दुःख मला कळत होतं, माझेही वडील असेच हट्टी होते. पण आजोबा पूर्ण भानावर होते. केसरीतला अग्रलेख वाचून त्यावर माझ्याशी वाद घालायचे. त्यांच्या पाकिटात एक कागद होता, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. व्हेंटिलेटर नको, छातीवर दाबणं नको असं स्पष्ट मराठीत लिहिलेलं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला अशा कागदाला, लिव्हिंग विलला, मान्यता दिली. आधी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. जानेवारी २०२३ मध्ये अट सोपी केली, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. त्यांचं डायलिसिस झालं नाही. आमच्या मेडिकल सोशल वर्करने मुलीला व्हिडिओ कॉलवर घेऊन आजोबांना स्वतःलाच बोलायला लावलं. पाऊण तास बोलले. मी बाहेर उभी होते.

इथे मला अरुणा शानभागबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबईच्या केईएमची स्टाफ नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला ड्यूटीच्या जागी वॉर्डबॉयने तिच्यावर हल्ला केला आणि १८ मे २०१५ पर्यंत ती त्याच हॉस्पिटलात अंथरुणाला खिळून होती. जवळजवळ ४२ वर्षं. तिला जाऊ द्यावं म्हणून अर्ज झाला तेव्हा केईएमच्या सिस्टर्स विरोधात उभ्या राहिल्या, आम्ही तिला सांभाळतो म्हणाल्या. आणि सांभाळलं, पिढ्यानपिढ्या, पाठीला जखम होऊ न देता. २०११ साली न्यायालयाने तिच्या बाबतीत नकार दिला, पण तिच्याच खटल्यातून या देशात कृत्रिम आधार काढून घेण्याचा कायदेशीर रस्ता पहिल्यांदा उघडला. मी दोन्ही बाजूंनी पुष्कळदा विचार केलाय. तिला स्वतःला काय हवं होतं हे कुणालाच विचारता आलं नाही, एवढंच माझ्या मनात राहतं. आजोबांच्या पाकिटातला तो कागद मला म्हणून मोलाचा वाटतो.

निष्काळजीपणा या शब्दाला मुली सगळ्यात घाबरतात. भीती बरी, पण शब्द नीट कळला तर. काही वाईट घडलं म्हणजे निष्काळजीपणा झाला असं नाही. आपल्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती, त्यात कसूर झाली, आणि त्या कसुरीमुळेच नुकसान झालं, हे जोडून दाखवावं लागतं. या विषयाचा भारतातला पाया म्हणावा असा एक खटला आपल्या पुण्यातला आहे, हे मुलींना माहीत नसतं. मे १९५३. साधारण वीस वर्षांचा मुलगा कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर पडला, डाव्या मांडीचं हाड मोडलं. तिसऱ्या दिवशी गाडीने पुण्याला आणला. हॉस्पिटलात पूर्ण भूल न देता पाय ओढून प्लास्टर केलं, आणि त्याच रात्री तो गेला. वडील स्वतः डॉक्टर. ते कोर्टात गेले, आणि पंधरा वर्षांनी, १९६८ साली, सर्वोच्च न्यायालयाने जोशी विरुद्ध गोडबोले या निकालात सांगून ठेवलं की पेशंट घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो देताना, तिन्ही वेळा डॉक्टरने काळजी घेणं बंधनकारक आहे. भरपाई तीन हजार रुपये. वडील तीन हजारांसाठी पंधरा वर्षं लढले नसणार.

दुसरा निकाल २००५ चा, जेकब मॅथ्यू. लुधियानाला १९९५ साली एका वृद्ध पेशंटला श्वास घेता येईना, सिलेंडर आणला तर तो रिकामा. दुसरा जोडेपर्यंत पेशंट गेला. न्यायालयाने डॉक्टरांवरचा फौजदारी खटला रद्द केला, फौजदारीसाठी निष्काळजीपणा अगदी ढळढळीत हवा असं सांगितलं. पण मी मुलींना विचारते, तो सिलेंडर कुणी तपासायचा होता? वर्गात शांतता होते. ड्यूटी घेताना आधी गेजवरचा काटा बघायचा, मग रजिस्टर उघडायचं.

याच संदर्भात एक नवी गोष्ट प्रत्येक नर्सने माहीत करून घ्यावी. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेतल्या कलम ३०४-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलं. निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर पूर्वी सगळ्यांनाच जास्तीत जास्त दोन वर्षं होती. आता पाच वर्षांपर्यंत, आणि दोन वर्षांची मर्यादा फक्त नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी. व्याख्येत नाव डॉक्टरांचं आहे, आपलं नाही. एकाच कॉटच्या दोन बाजूंना उभं राहून काम करणाऱ्या दोघांना कायदा वेगळं मोजतो, हे मला अन्यायाचं वाटतं. आपल्या संघटनांनी ते लावून धरायला हवं. तोपर्यंत आपल्या हातात एकच शस्त्र आहे, आपल्या नोंदी.

नोंदींचं मी माझ्या अनुभवाने शिकले. २०१६ साली एका केसची नोटीस ग्राहक मंचाकडून आली. पेशंट बरा झाला होता, पण ऑपरेशननंतर आत रक्तस्राव झाल्याचं सकाळी सहाला लक्षात आलं होतं, आणि रात्रपाळी माझी होती. आमचेच वकील फाइल घेऊन समोर बसले. बाराची नोंद, ‘पेशंट कम्फर्टेबल’. दोनची, ‘पेशंट कम्फर्टेबल’. चारची, तेच. त्यांनी शांतपणे विचारलं, “सिस्टर, कम्फर्टेबल म्हणजे बीपी किती?” मी बीपी घेतलं होतं. टॉर्च घेऊन गेले होते, ड्रेसिंग बघितलं होतं, लघवीची पिशवी बघितली होती, सगळं आठवत होतं. कागदावर एकही आकडा नव्हता. केस मिटली, पण त्या दिवसाचा घोट अजून घशाखाली गेला नाही. त्या पेशंटचं बीपी दोन वाजता उतरायला लागलं होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. आकडे लिहिले असते तर कदाचित मलाच तिथल्या तिथे दिसलं असतं. नोंद कोर्टासाठी असते असं लोक म्हणतात. ती आधी पेशंटसाठी असते.

तेव्हा लिहायचं ते असं. वेळ, बीपी ११०/७०, नाडी ८४, ड्रेसिंग कोरडं, लघवी २०० मिली, सरांना फोन केला दोन वाजून दहाला, त्यांनी काय सांगितलं. चुकलं तर एक रेघ, बाजूला सही आणि वेळ, खालचं वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर नाही. विसरलेलं नंतर लिहायचं तर ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहून खऱ्या वेळेसकट. आणि ही फाइल आपली खासगी मालमत्ता नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपावे लागतात. ‘रेकॉर्डवाले जेवायला गेलेत, उद्या या’ असं तिसऱ्यांदा ऐकणाऱ्या नातेवाइकाला आपण काहीतरी लपवतोय असंच वाटणार.

गोपनीयतेबद्दल सांगताना मी मंडईतली गोष्ट सांगते. मेथीची जुडी निवडत होते, आमच्या धनकवडीच्या सोसायटीतल्या एक वहिनी म्हणाल्या, “ती बी विंगमधली तुमच्याकडे होती ना हो? काय झालं होतं?” काय झालं होतं हे कुणीच सांगणार नाही. पण ‘हो, होती’ एवढं म्हणणंसुद्धा फोडणं आहे. अविवाहित मुलगी, स्त्रीरोग वॉर्ड, पुढचं लोक स्वतःच जुळवतात. मी म्हटलं, वहिनी, हॉस्पिटलातलं मी घरीही बोलत नाही. त्यांना राग आला. येऊ दे.

एचआयव्हीच्या फाइलवर मोठा लाल स्टिकर चिकटवायचे ते दिवस मी बघितलेत. पंधरा फुटांवरून कळायचं. १९९८ साली ‘मिस्टर एक्स’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खासगीपणाचा हक्क निरंकुश नाही, होणाऱ्या बायकोच्या जिवाला धोका असेल तर तिला कळणं चुकीचं नाही. त्या निकालाचा आधार घेऊन लोक कुणालाही सांगत सुटायचे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, आणि आता लेखी संमतीशिवाय सांगता येत नाही. जोडीदाराला सांगायचं झालं तरी ते डॉक्टरने किंवा समुपदेशकाने, ठरलेल्या अटी पाळून. आपण नाही, वॉर्डात कामाला असलेले मावशी-मामा नाहीत. ग्लोव्ह्ज प्रत्येक पेशंटला घालायचे, मग स्टिकर लागतोच कशाला?

आणि फोन. मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले करोनाचे रुग्ण पुण्यात सापडले, नायडू हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नावं फिरत होती. खरी-खोटी कोण जाणे. ज्यांची नावं होती त्यांच्या घरच्यांचं काय झालं असेल? तेव्हापासून मी मुलींना ड्यूटीवरचे सेल्फी काढू देत नाही. गेल्याच महिन्यात एकीच्या स्टेटसला तिचा वाढदिवसाचा फोटो होता, मागे कॉटवरच्या पाटीवर पेशंटचं नाव आणि निदान स्पष्ट. तिला ते दिसलंही नव्हतं. लगेच काढायला लावला.

काही वेळा मात्र गप्प बसणं हाच गुन्हा असतो. अठराच्या आतली मुलगी लैंगिक अत्याचाराची बळी आहे असं दिसलं तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे, पोलिसांना कळवावंच लागतं. हा विषय मोठा आहे, तो मी एमएलसीबरोबर, म्हणजे पोलीस केसच्या पेशंटबरोबर, घेणार आहे. त्याच तासाला परमानंद कटारा खटल्याचा निकाल, १९८९. स्कूटरवाल्याला गाडीने उडवलं, जवळच्या हॉस्पिटलने ‘पोलीस केस, आमच्याकडे होत नाही’ म्हणून वीस किलोमीटरवर पाठवलं, तो वाटेत गेला. न्यायालयाने सांगितलं, आधी जीव, मग कागद. नवले पुलाजवळ अपघात झाला की आजही कुठेतरी कुणीतरी म्हणतं, एमएलसी आहे, ससूनला न्या. रक्त थांबवा, श्वास बघा, आणि मग न्या.

पुढच्या शनिवारी, अडीचला, वरच्या खोलीत. दुसऱ्या हॉस्पिटलच्या मुलींना यायचं असेल तर त्यांनीही या, खालच्या खिडकीवर माझा तास म्हणून सांगा. येताना आपापल्या वॉर्डातला संमतीचा फॉर्म घेऊन या, कोरा, भरलेला नको. त्यावर मराठी किती आहे ते बघू.